वही-पेन, टाइपरायटर की लॅपटॉप? लिहिणाऱ्यांनी आपापलं सांगा

नारायणपेठी
नमस्कार मंडळी,
दिवाळी अंकवाल्यांचे फोन सुरू झालेत आणि यंदा ज्यांनी ज्यांनी कथा मागितली त्या सगळ्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर नीट दिसेल अशा मराठीत) टाइप करून वर्ड फाइल पाठवा, पीडीएफ नको, हाताने लिहिलेलं तर नकोच नको. माझी पंचाईत अशी की मला पहिला खर्डा अजून वहीतच सुचतो. लॅपटॉप उघडला की कर्सर लुकलुकत बसतो आणि मी एक वाक्य लिहून तेच पुसत बसतो, वहीत खोडलेलं वाक्य निदान रेघेखाली दिसत तरी राहतं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कळतं की खोडलेलंच बरं होतं. मग आधी वही आणि नंतर टायपिंग, म्हणजे एका कथेचं दुप्पट काम.

आता हा विषय निघाला की लोक लगेच इंग्रजी लेखकांची उदाहरणं फेकतात. जॉर्ज मार्टिन अजून डॉसवरच्या वर्डस्टार नावाच्या जुन्यापुराण्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो, कॉर्मॅक मॅकार्थीचा ऑलिव्हेटी टाइपरायटर २००९ साली ख्रिस्तीजच्या लिलावात अडीच लाख डॉलरच्या वर गेला वगैरे. वाचायला मजा येते पण आपल्याला त्याचा उपयोग शून्य. तिकडचा लेखक पिढ्यान्‌पिढ्या स्वतः टाइप करत आलाय. आपल्याकडे टाइपरायटर कचेरीत, कोर्टात, लेखक मात्र फुलस्केपवर लिहून मोकळा, पुढचं प्रेसमधला छपाईचे खिळे जुळवणारा कंपोझिटर बघून घ्यायचा. म्हणजे आपण मधली पायरी गाळून पेनावरून थेट की-बोर्डवर आलो. माझं म्हणणं एवढंच आहे की कंप्युटरने आपलं लेखन सुधारलं की बिघडवलं हा वाद नंतर घाला, आधी हे बघा की कंपोझिटरचं काम गुपचूप लेखकाच्या गळ्यात आलंय आणि मानधन आहे तिथेच आहे.

तर तुम्ही काय करता? थेट टाइप करता, वहीत लिहिता, की फोनला बोलून टाइप करवता?

लकडीपूल
जागा धरून ठेवतोय. शाईपेनवाले आत्ता येतील बघा पळत.

शाईचा_डाग
आलो :)
नारायणपेठी, दुप्पट काम वगैरे काही नाही हो, दुसरा खर्डा तर कसाही करावाच लागतो, तो टाइप करता करता होतो एवढंच. मी वहीतलं जसंच्या तसं कधीच उतरवत नाही, टाइप करताना निम्मी विशेषणं आपोआप गळतात कारण बोटांना कंटाळा येतो.

पेनाबद्दल थोडं. लोक जुनं पेन कपाटातून काढतात, शाई भरतात, ते चालत नाही आणि मग म्हणतात शाईपेनं बेकार. अहो आत शाई वाळून दगड झालेली असते. निब आणि तिच्याखालची जीभ अलगद ओढून काढा, कोमट पाण्यात रात्रभर ठेवा (उकळतं पाणी नको, जुन्या पेनांचं प्लास्टिक वाकतं), जिभेच्या मधल्या बारीक खाचेतून जुन्या टूथब्रशचा एखादा केस फिरवा, त्याच खाचेतून शाई खाली येते आणि तिच्या कडेने हवा वर जाते. ही हवा वर जाण्याची वाट बंद झाली की पेन एकतर लिहीतच नाही नाहीतर भस्सकन ठिबकतं. परत बसवताना निबची चीर आणि जिभेची खाच एका रेषेत आली पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

शाई मात्र विचार करून घ्या. रॉयल ब्लू दिसायला गोड पण ती धुतली जाणारी शाई आहे, वहीवर चहाचा कप कलंडला की परिच्छेद गेला. जपून ठेवायचं असेल तर पर्मनंट ब्लॅक. आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आपली कॅमल शाईवाली कंपनी, दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केली ती शाईची पूड आणि गोळ्या विकून, हॉर्स ब्रँड नावाने. पाण्यात विरघळवायची आणि दौत भरायची.

डेव्ह_बाणेर
पेन साफ करायला रात्रभर, लिहायचं कधी? :)

जोक्स अपार्ट, मला या चर्चेत नेहमी एक गोष्ट खटकते. लॅपटॉप म्हणजे फक्त टायपिंग असं धरून सगळे बोलतात. लॅपटॉपचा खरा फायदा टायपिंग नाहीच, शोधता येणं हा आहे. कादंबरीत पात्राच्या आत्याचं नाव तिसऱ्या प्रकरणात काय ठेवलं होतं ते वहीत शोधा बरं. आणि खोडलेलं वाक्य दिसत नाही म्हणता तर गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्ट्री उघडा, मागच्या आठवड्यात काय पुसलं ते तारखेसकट दिसतं. वापरतच नाही कोणी आणि मग म्हणायचं वहीच बरी.

हाताने लिहिल्याने जास्त लक्षात राहतं असं आता कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. तो प्रिन्स्टन आणि यूसीएलएवाल्यांचा २०१४ चा प्रयोग होता, लेक्चरच्या नोट्सवर, कथा-कादंबरीवर नाही. लॅपटॉपवाली मुलं ऐकलेलं शब्दशः उतरवत होती आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडली असं त्यात आलं. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या लोकांनी तोच प्रयोग परत करून पाहिला तर फरक तेवढा ठाम निघाला नाही. पहिला प्रयोग व्हॉट्सॲपवर फिरतो, दुसरा फिरत नाही.

शाईचा_डाग
@डेव्ह_बाणेर व्हर्जन हिस्ट्रीत खोडलेलं असतं हे खरं, पण ते मुद्दाम जाऊन बघावं लागतं. वहीत ते न बघता दिसतं. फरक तिथे आहे. शोधायचा मुद्दा मान्य.

मराठी_चाळीस
नारायणपेठी दादा, लेखकांनी टाइपरायटरची पायरी गाळली असेल, पण पुण्यातल्या पोरींनी नाही हो गाळली. दहावीची परीक्षा संपली की मे महिन्यात टायपिंगच्या क्लासला नाव घालायचं हा आमच्या वेळचा नियमच होता, मराठी तीस (म्हणजे मिनिटाला तीस शब्द), मग मराठी चाळीस, जमलं तर इंग्रजी. परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद इथे पुण्यातच. स्पीडचा उतारा, पत्र आणि ते जीवघेणं स्टेटमेंट, ज्यात रकाने आखून आकडे एकाखाली एक आले पाहिजेत. मी नंतर अशाच एका क्लासात शिकवलं, नोकरी लागेपर्यंत.

आता ज्यांनी मराठी टाइपरायटर वापरलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. भ, ध, थ, श ही अक्षरं एका फटक्यात उमटतच नाहीत. आधी अर्धं अक्षर मारायचं, मग काना, तेव्हा कुठे अख्खा भ. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, कारण कागदावर ती आधी येते, मशीनला उच्चाराशी काही देणंघेणं नाही. म्हणजे 'किती' मारताना डोळ्याला दिसतं त्या क्रमाने हात चालवायचा. एकदा हे हातात बसलं ना की जात नाही, मी अजून कंप्युटरवर रेमिंग्टनचाच, म्हणजे टाइपरायटरचाच लेआउट लावते आणि सुनेला ते जादूटोण्यासारखं वाटतं. ती इंग्रजी अक्षरं मारून मराठी काढते, मला ते जमत नाही, मराठी शब्द मनात आला की आधी त्याचं इंग्रजी स्पेलिंग करायचं म्हणजे काय?

आणखी एक. मशीनवर बोट हलकं मारून चालत नाही. तीन कार्बन घातले असले तर शेवटच्या प्रतीपर्यंत ठसा गेला पाहिजे, पण टिंब आणि पूर्णविराम जोरात मारला तर कागदाला भोक. भरपूर प्रती काढायला मेणकागदाची स्टेन्सिल कापायची असली तर रिबीन बाजूला करून थेट खिळ्याने कापायचं, चूक झाली तर लाल रंगाचं करेक्शन फ्लुइड लावून, फुंकर मारून, वाळवून परत. अशा मशीनवर कोण कथा लिहिणार सांगा! काय मारायचं ते आधी पक्कं असलेल्या माणसासाठीच ते मशीन होतं. आमच्याकडे गोदरेजची मशीनं होती. गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला घेतले आणि २००९ मध्ये बंद केले, पण कोर्टाच्या बाहेर आणि तहसिलीपाशी ती खटखट नंतरही बरीच वर्षं ऐकू यायची.

नारायणपेठी
वा ताई, 'काय मारायचं ते आधी पक्कं असलेल्या माणसासाठी', हे पटलं. म्हणजे आमचे लेखक आळशी नव्हते, ते यंत्रच खर्ड्याचं नव्हतं.

पेठेतला_अभ्यासू
मी लेखक बिखक नाही, पण तुम्ही सगळे विसरताय की पुण्यात आज सगळ्यात जास्त हाताने कोण लिहितं. सदाशिव पेठेत कुठल्याही अभ्यासिकेत या संध्याकाळी. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा एक पेपर म्हणजे तीन तासांत २० प्रश्न, २५० मार्क, म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं, त्यात विचार पण करायचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षासुद्धा आता वर्णनात्मक झाली, त्यामुळे जी पोरं कॉलेजपासून फक्त फोनवर अंगठे चालवत होती ती आता रोज तीन-तीन तास लिहायचा सराव करतात आणि मनगट दुखतं म्हणून पट्टे बांधून बसतात. शाईपेन कोणी वापरत नाही काका, जेलपेन, तेही असं की दाबावं लागणार नाही. जाड निबवालं पेन घेतलं तर अक्षर मोठं येतं आणि दिलेल्या जागेत उत्तर मावत नाही, हे पण बघावं लागतं.

गंमत म्हणजे अभ्यास सगळा स्क्रीनवर, पीडीएफ, टेलिग्राम, यूट्यूब, आणि परीक्षा कागदावर. वाचताना स्क्रीन लागते आणि लिहिताना हात. तुमचं उलटं आहे.

लकडीपूल
+१ अभ्यासू. मनगटाचे पट्टे मी पण पाहिलेत, मला वाटलं जिमवाले आहेत.

कर्वेरोडची_कविता
मी सांगू का, तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात एक टेबल आहे. पेन असो टाइपरायटर असो की लॅपटॉप, टेबल आहे, खुर्ची आहे आणि कोणी हाक न मारण्याची वेळ आहे. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्या जवळजवळ सगळ्या कविता पीएमटीत (हो माहितीये पीएमपीएमएल झालं त्याला जमाना झाला) फोनवर लिहिल्या आहेत, डाव्या हाताने दांडी आणि उजव्या अंगठ्याने टायपिंग. कूकरच्या शिट्ट्या मोजताना लिहिल्यात. वही घेऊन बसले की घरातल्यांना दिसतं की ही 'लिहितेय' आणि मग प्रश्न सुरू होतात, फोनवर मात्र सगळ्यांना वाटतं व्हॉट्सॲप चाललंय. फोनने मला ही जी आड मिळाली ती कुठल्याही भारी पेनाने मिळाली नसती.

तोटे आहेतच. फोनच्या उभ्या पट्टीत लांब ओळ मोडते त्यामुळे माझ्या ओळी नकळत आखूड व्हायला लागल्या, हे मला एका जाणत्या कवीने सांगेपर्यंत कळलंच नव्हतं. आता शेवटचा हात कागदावर काढून फिरवते, तेव्हा ओळ कुठे तोडायची ते मी ठरवते, स्क्रीन नाही. आणि कीबोर्ड मध्येच हिंदी शब्द सुचवतो त्याचा संताप येतो तो वेगळाच.

डेव्ह_बाणेर
@कविता ताई दंडवत. टेबलाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. व्हॉइस टायपिंग करून बघितलंत का? मराठी आता बऱ्यापैकी उमटतं.

कर्वेरोडची_कविता
स्वारगेटच्या गर्दीत उभं राहून कविता मोठ्याने बोलू म्हणता? :) घरी करून बघितलं. शब्द येतात, विरामचिन्हं येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे बोलताना मी भाषण करते. लिहिताना गप्प बसते. कवितेला ते गप्प बसणं लागतं.

जुना_खिळा
उशिरा येतोय, धागा आज वाचला. मी तोच, ज्याचं काम नारायणपेठींच्या गळ्यात आलंय. प्रेसमध्ये उभ्याने खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि डीटीपी (कंप्युटरवर पानं लावायचं काम) ऑपरेटर म्हणून बाहेर पडलो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जुन्या मासिकांत लेखकांना सूचना असायच्या बघा, कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, समास सोडावा, सुवाच्य अक्षरात लिहावे, साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे. लोकांना वाटायचं एका बाजूला म्हणजे संपादकाचे नखरे. तसं नव्हतं. अंक घाईत असला की एकच कथा पानं वाटून दोघा-तिघा जुळाऱ्यांकडे जायची, कधी पान मधून कापून सुद्धा. मागे मजकूर असला तर मागचा मजकूर दुसऱ्याच्या हातात गेला, झालं कल्याण. लेखकाचं अक्षर हा आमच्याकडे पगाराचा प्रश्न होता, कारण काम ओळींवर, आणि एखाद्याचं अक्षर लागेपर्यंत निम्मा वेळ. काही लेखकांचं अक्षर ठरावीक जुळाऱ्यालाच लागायचं, तो रजेवर गेला की कथा पडून. आणि खरं सांगतो, आम्ही नुसते उतरवत नव्हतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचो, राहिलेला शब्द भरायचो, पात्राचं नाव मध्येच बदललं असलं तर मुद्रितशोधकाला हाक मारायचो. आता लेखक स्वतः टाइप करतो, फाइल सरळ पानात जाते, मधले ते दोन-तीन डोळे गेले. हल्लीच्या अंकांत शुद्धलेखनाच्या चुका का वाढल्या म्हणून विचारतात, त्याचं उत्तर हे आहे, कंप्युटर नाही.

मग डीटीपी आलं. यात पुण्याचा हात मोठा. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ मध्ये इथेच सुरू झाली आणि त्यांचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसवर मराठी दिसायचं. श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर करणारी मॉड्युलर कंपनी पण पुण्याचीच. त्या सॉफ्टवेअरांनी मराठी छपाई तारली यात वाद नाही. पण त्या काळात प्रत्येक कंपनीची संकेतांची मांडणी आपापली. फाइलमध्ये आत असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पानभर गिचमिड. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट लागायला बरीच वर्षं गेली, त्यामुळे लेखकाने युनिकोडमध्ये पाठवलेलं आम्ही परत जुन्या फॉन्टात फिरवून घ्यायचो. त्या फिरवाफिरवीत रफार उडायचे, दऱ्याचा दर्या व्हायचा. बॅटमधला ॲ तर बघा, त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, तोवर सगळे अ वर चंद्र चिकटवत होते, आणि आजही निम्मे तसंच करतात म्हणून सर्च केलं की शब्द सापडत नाही.

तेव्हा डेव्ह, तुमचं शोधता येणं मला मान्य आहे, पण ते युनिकोड आल्यानंतरचं. १९९० ते २००५ च्या आसपासचं किती मराठी लेखन सीडींवर अडकून पडलंय याचा अंदाज करवत नाही. माझ्याकडेच एका लेखकाची अख्खी कादंबरी आहे, ती ज्या फॉन्टात आहे तो फॉन्ट आता चालत नाही. छापील पुस्तक आहे म्हणून वाचली.

शाईचा_डाग
जुना_खिळा काका, साष्टांग. वाचनखूण साठवली. तुम्ही यावर वेगळा धागा काढाच.

आणि बघा, शेवटी कागदच वाचला ना.

दप्तरी
'कागदच वाचला' यावर येतो, कारण माझं अर्धं आयुष्य जुन्या कागदांत गेलं.

मोडी कागद टिकले त्याला कारण आहे. बोरूची शाई काजळी आणि डिंकाची, कार्बन काही उडून जात नाही. त्याच काळातली युरोपातली मायफळ आणि लोखंडाच्या क्षाराची शाई पुढे कागदच खायला लागली, तिथल्या संग्रहालयांची ती मोठी डोकेदुखी आहे. वर आपला जुन्नरी हातकागद चिवट. भारत इतिहास संशोधक मंडळात (१९१० पासून आहे, सदाशिव पेठेत) किंवा पेशवे दप्तरात कागदांचा रुमाल (कापडी गाठोडं) उघडला तर शाई काल लिहिल्यासारखी काळीभोर दिसते. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला लटकवत बोरू शक्यतो न उचलता पळवायचा. वेगासाठी लिपी कशी वाकते ते बघायचं तर मोडी बघा. फोनवरची इंग्रजीतून मराठी काढायची पद्धत बघून मला म्हणूनच राग येत नाही, प्रत्येक काळात घाईत असलेल्या माणसाने आपापली सोय केलीय.

पण कागद टिकतो हे अर्धंच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत जे कागद तळमजल्यावर होते ते गेले, वाड्यातल्या पेट्याच्या पेट्या. आमच्या घरातली हस्तलिखितं त्यात गेली, त्यांची दुसरी प्रत नव्हती. टिकणारा कागद तोच, ज्याची नक्कल कोणीतरी दुसरीकडे ठेवली. सीडीलाही हेच लागू.

नारायणपेठी
दप्तरी, नक्कलेवरून आठवलं. आमच्या पेठेतला सगळ्यात नामी बॅकअप टिळकांचा. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या थंडीत गीतारहस्य लिहिलं ते पेन्सिलीने, शाई द्यायचे नाहीत, आणि वह्या पानांवर आकडे टाकून शिवलेल्या, म्हणजे पान फाडून बाहेर पाठवता येऊ नये. १९१४ मध्ये सुटले तेव्हा हस्तलिखित सरकारकडेच होतं, परत देतील की नाही याची लोकांना काळजी, तर टिळकांचं म्हणणं की कागद त्यांच्याकडे असले तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, परत लिहून काढीन. पुढे वह्या मिळाल्या आणि १९१५ मध्ये पुस्तक आलं. आता मला सांगा, खोडरबर, व्हर्जन हिस्ट्री, ऑटोसेव्ह, यातलं काय होतं?

डेव्ह_बाणेर
त्यांच्याकडे डोकं होतं. आमच्याकडे आयक्लाउड आहे, आणि ते पण भरलंय.

पेठेतला_अभ्यासू
हाहाहा. पण पेन्सिलचं मी मनावर घेतो. दाब कमी लागतो, मनगटाला आराम. परीक्षेत चालत नाही एवढंच.

मराठी_चाळीस
अवांतर होतंय, पण जुना_खिळा भाऊंनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. टायपिस्टलाही लोक मशीनच समजतात. साहेबाच्या इंग्रजीतल्या चुका आम्ही निमूट सुधारून द्यायचो आणि सही साहेबाची.

नारायणपेठी, तुम्ही ठरवलं काय मग?

नारायणपेठी
ठरलं असं की खर्डा वहीतच. डेव्हचं ऐकून प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर पात्रांची नावं आणि पान नंबर टाकायला लागलोय, तेवढी माझी सर्च. लिहून झालं की रोजच्या रोज पानांचे फोटो मुलीच्या फोनवर, दप्तरींचं पानशेत डोक्यात बसलंय. टायपिंगचं मात्र घोडं अडलंय. एका संपादकांना हिय्या करून विचारलं की टायपिंग आम्हीच करायचं तर मानधनात त्याचं काही धरणार का, तर ते म्हणाले तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि विषय बदलून कथा कधी देताय ते विचारलं. काही प्रकाशक हाताने लिहिलेलं घेतात पण टायपिंगचा खर्च मानधनातून कापतात असंही कानावर आलं, म्हणजे फिरून तेच.

मराठी_चाळीस ताई, तुमच्याकडे बाहेरचं काम घेता का? रेमिंग्टनवर मारलंत तरी फाइल युनिकोडच निघेल ना?

मराठी_चाळीस
निघेल की. लेआउट बोटांसाठी, फाइल युनिकोडच असते. काम घेते, दिवाळी अंकांच्या दिवसांत दोन-तीन जणांचं करतेच. पण ऱ्हस्व-दीर्घ माझ्या मनाने सुधारीन, ते आधी कबूल करा, आणि एक पान फोटो काढून पाठवा. अक्षर बघितल्याशिवाय मी दर सांगत नाही.